साध्या फोनचा पर्यावरणी हिशेब

जून २००९ मध्ये सॅमसंगने भारतात २,७९९ रुपयांचा एक फोन बाजारात आणला. नाव ‘सोलर गुरू’, मॉडेल ई११०७. बटणांचा साधा फोन, फक्त पाठीवर एक लहानसे सौर पॅनेल. तेव्हा गावात दिवसदिवस भारनियमन असे आणि बाजारच्या दिवशी तालुक्याच्या दुकानात चार-पाच रुपये देऊन फोन चार्ज करून आणणारे लोक होते. उन्हाला तर आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. हा फोन घराघरांत जायला हवा होता. पण सौर फोन पाहता पाहता नाहीसे झाले. आज साध्या फोनच्या दुकानात टॉर्चचा, रेडिओचा, दोन सिमचा फोन मिळतो, पण उन्हावर चार्ज होणारा मिळत नाही.

असे का झाले, याचे उत्तर शोधू गेले की स्वस्त फोन पर्यावरणाला कशाने मानवतो आणि कशाने नाही, याचा सगळा हिशेब उलगडतो. हा हिशेब ज्या ठिकाणी मांडला जातो त्यांपैकी एक म्हणजे बेंगळुरूच्या पूर्वेचा महादेवपुरा. तलावांच्या काठची गावे असलेला हा पट्टा २००७ मध्ये बेंगळुरू महापालिकेत आला. आज त्याच्या एका अंगाला व्हाइटफील्ड आहे, दुसऱ्या अंगाला बाह्य वर्तुळ मार्गावरची काचेच्या इमारतींची रांग. दोड्डनेकुंदीजवळच्या बागमने संकुलात सॅमसंगची बेंगळुरूतील संशोधन संस्था आहे. तिथे हजारो अभियंते काम करतात, आणि त्यांत पुण्या-बेळगावकडून गेलेली मराठी मंडळीही आहेत. त्याच इमारतींच्या फाटकावरचे पहारेकरी आणि शेजारच्या बांधकामांवरचे मजूर यांच्या खिशात मात्र अजून डबा फोन दिसतो.

ऊन मुबलक, पाठ लहान

भर दुपारी स्वच्छ आकाशाखाली एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॉट इतकी सूर्यशक्ती पडते. म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर एक दशांश वॉट. लहान फोनच्या पाठीवर सौर पॅनेलला फार तर वीसेक चौरस सेंटिमीटर जागा मिळते. तिच्यावर पडणारी शक्ती झाली २ वॉट. सौर पॅनेल तिच्यातला सातवा-आठवा हिस्सा विजेत बदलते, म्हणजे उरले पाव वॉट. फोन सूर्याच्या अगदी समोर क्वचितच असतो, पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते, आणि चार्जिंगच्या सर्किटातही काही वीज जाते. हे सगळे वजा केले की बॅटरीत पोहोचते ते जेमतेम एक दशांश वॉटच्या आसपास.

आता खर्चाची बाजू. बोलणे चालू असताना असा फोन पाऊण ते एक वॉट वीज घेतो, कारण दूरच्या मनोऱ्यापर्यंत लहरी पाठवायच्या असतात. तासभर उन्हात ठेवलेल्या फोनवर त्यामुळे काही मिनिटांचेच बोलणे होते. सोलर गुरूबद्दल कंपनीनेही तासाभराच्या उन्हात ५ ते १० मिनिटे बोलणे, एवढाच दावा केला होता, आणि तो प्रामाणिक होता. रिकामी बॅटरी पूर्ण भरायची तर चार-पाच दिवसांचे कडक ऊन लागेल.

त्यात दोन अडचणी. एक, फोनची जागा खिशात, पिशवीत किंवा कमरेच्या कनवटीला. उन्हात तो कोणी ठेवत नाही. दुसरी अडचण गंभीर आहे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. सुमारे ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी चार्ज केली की तिच्या आतले रासायनिक घटक लवकर झिजतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्यावर ठेवलेला फोन या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातो. वीज वाचवायला लावलेले पॅनेल अशा रीतीने बॅटरीचे आयुष्य खाते. अडीअडचणीला एखादा फोन करता यावा एवढ्यापुरते ते उपयोगी होते, यात शंका नाही. पण त्या पॅनेलमुळे पर्यावरणाचे किती भले झाले?

वर्षभराची वीज किती?

फार थोडे. कारण साध्या फोनला वीज लागतेच मुळी किती? नोकियाच्या फोनांमधली बीएल-५सी ही प्रसिद्ध बॅटरी १,०२० मिलिअँपिअर-तासांची आणि ३.७ व्होल्टची. तिच्यात पावणेचार वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. आठवड्यातून दोनदा चार्ज केली, आणि चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली, तरी वर्षाला अर्धे ते पाऊण युनिट. घरगुती दराने पाच-सात रुपये.

पाठीवरचे पॅनेल जास्तीत जास्त एवढीच वीज वाचवू शकणार होते.

याहून मोठी गळती भिंतीवर होती. फोन काढून घेतल्यावर चार्जर बोर्डात तसाच राहिला आणि बटण चालू असले, तर आतला ट्रान्सफॉर्मर किंवा सर्किट थोडी थोडी वीज घेतच राहते. जुना चार्जर अर्धा वॉट घेत असेल, तर वर्षाचे ८,७६० तास धरून झाली सुमारे साडेचार युनिटे, म्हणजे खुद्द फोनच्या सहा-सातपट. नोकियाने हे ओळखले आणि २००७ मध्ये १२००, १२०८ आणि १६५० या आपल्या अगदी स्वस्त फोनांत एक छोटी सूचना घातली: बॅटरी भरली, चार्जर बोर्डातून काढा. ना पॅनेल, ना वेगळा सुटा भाग, फक्त पडद्यावर एक ओळ. पुढच्या वर्षी नोकिया, सॅमसंग, एलजी, मोटोरोला आणि सोनी एरिक्सन या पाच कंपन्यांनी मिळून चार्जरना शून्य ते पाच तारे देण्याची पद्धत ठरवली. रिकामा असताना अर्ध्या वॉटपेक्षा जास्त वीज घेणाऱ्या चार्जरला एकही तारा नाही, ०.०३ वॉट किंवा त्याहून कमी घेणाऱ्याला पाच. आजचे चांगले चार्जर या पाच ताऱ्यांच्या जवळ आले आहेत. आपल्याकडच्या बोर्डांना बटण असते, ही आणखी जमेची बाजू. ते बंद केले की गळती पूर्ण थांबते.

वापरातली वीज इतकी किरकोळ आहे, तर फोनचा पर्यावरणावरचा भार येतो कुठून?

भार कारखान्यात पडतो

विहीर खणायला सगळे कष्ट आणि सगळा पैसा आधीच ओतावा लागतो, मग रोजचे पाणी शेंदणे सोपे असते. तिचे पाणी किती महाग पडले, हे ती किती वर्षे चालली यावर ठरते. फोनचे असेच आहे. त्याचा बहुतांश भार तो दुकानात येण्यापूर्वीच पडून गेलेला असतो.

हा भार मुख्यतः चिपचा. सिलिकॉनच्या चकतीवर अतिसूक्ष्म सर्किटे कोरायची तर धुळीचा कणही चालत नाही. म्हणून कारखान्यातली हवा दिवसरात्र गाळून, ठरावीक तापमानाला ठेवावी लागते. चकत्या पुन्हा पुन्हा धुवायला अतिशुद्ध पाणी लागते. कोरीवकामासाठी फ्लोरिनयुक्त वायू वापरतात, आणि त्यांतले काही निसटले तर हवा तापवण्यात ते कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट भारी ठरतात. त्यापूर्वी तांबे, सोने, कथील, कोबाल्ट यांच्या खाणी. आणि शेवटी विमानातून वाहतूक.

नेदरलँड्समधल्या फेअरफोन कंपनीने आपल्या तिसऱ्या फोनचा असा ताळेबंद जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेकडून काढून घेतला. निर्मितीपासून तीन वर्षांच्या वापरापर्यंत सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार निघाला, आणि त्यातला फार मोठा वाटा निर्मितीचा होता. तीनऐवजी पाच वर्षे तोच फोन वापरला तर दर वर्षाचा भार सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. फेअरफोन हा स्मार्टफोन आहे. बटणांच्या फोनचा पडदा लहान आणि चिप कमी, म्हणून त्याचा एकूण आकडा खूप लहान असणार. पण निर्मितीचे पारडे जड, हे तिथेही खरे.

आता २००७ ते २००९ या काळातल्या ‘हिरव्या’ फोनांकडे पाहू या. नोकिया ३११० इव्हॉल्व्हच्या कवचातला निम्म्याहून अधिक माल वनस्पतीजन्य होता. मोटोरोलाच्या डब्ल्यू२३३ रिन्यूचे कवच पाण्याच्या जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकचे होते, आणि त्याच्या कार्बनची भरपाई दुसरीकडच्या प्रकल्पांना पैसे देऊन केली होती. प्रयत्न मनापासूनचे होते. मात्र कवच हा फोनचा सर्वांत सोपा भाग. भार चिपमध्ये आणि सुधारणा कवचात, अशी ती गत झाली. इव्हॉल्व्हचे खरे मोल त्याच्या चार्जरमध्ये होते. रिकामा असताना तो एनर्जी स्टार या वीजबचतीच्या मानकाच्या त्या काळच्या मर्यादेपेक्षा ९४ टक्के कमी वीज घेत असे. जाहिरातीत मात्र कवच जास्त झळकले.

त्याच काळात एक काम कमी गाजावाजा होऊन झाले आणि ते अधिक मोलाचे होते. वायरींमधले पीव्हीसी आणि सर्किटबोर्डातले ब्रोमिनयुक्त अग्निरोधक कमी होत गेले. हे पदार्थ भंगारात उघड्यावर जळले की डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. भारतात २०११ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ मे २०१२ पासून लागू झाले, शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि दोन प्रकारचे ब्रोमिनयुक्त पदार्थ यांवर मर्यादा घातली. कॅडमियमला ०.०१ टक्का, बाकीच्यांना ०.१ टक्का.

बॅटरी निघते का?

फोन जास्त वर्षे चालवायचा, तर तो सर्वांत आधी कुठे थकतो हे पाहायला हवे. तो थकतो बॅटरीत. लिथियम-आयन बॅटरीत चार्ज होताना लिथियमचे आयन एका टोकाच्या थरांत शिरतात आणि वापरताना परत फिरतात. प्रत्येक फेरीत थोडे लिथियम कायमचे अडकून बसते. साधारण पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर बॅटरी पहिल्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते.

इथे साध्या फोनची खरी ताकद दिसते. आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला शंभर, म्हणून पाचशे फेऱ्यांना पाच वर्षे. रोज चार्ज होणारा स्मार्टफोन तोच पल्ला दीड वर्षात गाठतो. शिवाय साध्या फोनचे झाकण नखाने निघते. बॅटरी संपली तर गावातल्या दुकानात नवी मिळते आणि बदलायला अर्धा मिनिट पुरतो.

बीएल-५सी या बाबतीत आदर्श म्हणावी अशी. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० चे २५ कोटींहून अधिक नग जगभर विकले गेले. त्यात आणि त्याच्या कितीतरी भावंडांत ही एकच बॅटरी बसे. पुढे इतर कंपन्यांचे साधे फोन, एफएम रेडिओ आणि भजने वाजवणारे छोटे स्पीकरही तिच्याच मापाचे निघू लागले. म्हणून फोन बाद झाला तरी बॅटरी दुसरीकडे चालते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या फोनला आजही नवी बॅटरी मिळते. कोणत्याही कायद्याशिवाय, केवळ खपाच्या जोरावर एक सामाईक माप तयार झाले. पर्यावरणाच्या दृष्टीने हे सौर पॅनेलपेक्षा कितीतरी मोठे काम होते, पण त्यावर कोणी हिरवे पान छापले नाही.

स्मार्टफोन सडपातळ करण्याच्या नादात बॅटरी डिंकाने चिकटवली गेली आणि झाकण बंद झाले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये यावर नियम केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली लहान बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी, अशी अपेक्षा आहे. स्वस्त फोनांनी जे कधी सोडलेच नव्हते, तिकडे महाग फोन आता परतत आहेत.

> चौकट: फोन घेताना
> झाकण हाताने उघडते का आणि बॅटरी सहज मिळणाऱ्या मापाची आहे का, हे आधी पाहावे. चार्जिंगची खाच टाइप-सी असेल तर घरातला जुनाच चार्जर चालतो. फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही ना, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. ४जी असलेला साधा फोन २जीपेक्षा जास्त वर्षे कामाला येईल. कवच कशाचे आहे, हा प्रश्न शेवटी.

धडधाकट फोन बाद कसा होतो

बॅटरी नवी, बटणे शाबूत, तरीही फोन निरुपयोगी होऊ शकतो. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ नावाने सुरुवातीला फक्त ५०१ रुपये घेऊन फोन हाती देण्याची योजना आणली. रिक्षावाले, भाजीवाले, शेतमजूर, अशा लाखो घरांतला तो पहिला फोन. पण ते सीडीएमए पद्धतीचे आणि कंपनीच्या जाळ्याशी जखडलेले फोन होते. पुढे कंपनीने सीडीएमए सेवा गुंडाळली, तेव्हा हे फोन एका फटक्यात भंगार झाले. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता, कारण बिघडले काहीच नव्हते.

२०१७ चा जिओफोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर मिळत होता. तोही एकाच जाळ्यापुरता. त्यात कायओएस ही प्रणाली होती आणि अनेकांनी तो व्हॉट्सअॅपसाठीच घेतला होता. २०२४ मध्ये व्हॉट्सअॅपने या प्रणालीवर नवी नोंदणी थांबवली. फोन तसाच, पण तो ज्या कामासाठी घेतला ते काम गेले.

फोनच्या आयुष्याची दोरी आता अशी दोन ठिकाणी आहे: मनोऱ्यावर आणि सॉफ्टवेअरमध्ये. दुसरी दोरी महादेवपुऱ्यासारख्या ठिकाणी वळली जाते. जुन्या, कमी ताकदीच्या चिपवर नवी प्रणाली चालती ठेवणे, सुरक्षेतल्या फटी बुजवत राहणे, हे कष्टाचे काम आहे आणि त्यात नवा फोन बाजारात आणल्याची झळाळी नाही. पण दोन वर्षांऐवजी सहा वर्षे अपडेट मिळाले, तर त्या फोनच्या निर्मितीचा भार तिप्पट वर्षांवर विभागतो. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचे आणि तुलनेने स्वस्त ए१६ ला सहा वर्षांचे अपडेट जाहीर केले. हे वचन सर्वांत स्वस्त फोनांपर्यंत खाली यायला हवे. ज्याला दर दोन वर्षांनी नवा फोन परवडत नाही, त्यालाच ते सर्वांत जास्त हवे आहे.

कोलारचे सोने, खणातले सोने

महादेवपुऱ्याहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघाले की कोलार जिल्हा लागतो. तिथल्या सोन्याच्या खाणी १२० वर्षे चालल्या, तीन किलोमीटरहून खोल गेल्या, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. खडकात सोने उरले होते, पण टनामागे इतके थोडे ग्रॅम की काढायचा खर्चही निघेना. त्याच जिल्ह्यातल्या नरसापूरला आज आयफोन जुळवले जातात. विस्ट्रॉनचा तो कारखाना २०२३ मध्ये टाटांनी घेतला.

योगायोग असा, की टनभर जुन्या फोनांत टनभर खनिजापेक्षा कितीतरी जास्त सोने असते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने २००६ मध्ये काढलेल्या सरासरीनुसार बॅटरी वगळून ११३ ग्रॅमच्या एका फोनमध्ये १६ ग्रॅम तांबे, ०.३५ ग्रॅम चांदी आणि ०.०३४ ग्रॅम सोने असे. म्हणजे टनामागे ३०० ग्रॅम सोने, किंवा दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी सुमारे ३०० फोन. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने २०१७ ते २०१९ या काळात नागरिकांकडून ६२ लाखांच्या आसपास मोबाइल आणि हजारो टन इतर छोटी उपकरणे गोळा केली; त्यांतून ३२ किलो सोने निघाले.

हे सोने काढायचे कसे, यावर सगळे अवलंबून आहे. शहरांच्या कडेला वस्त्यांमध्ये बोर्ड आम्लात बुडवतात, वायरी जाळतात. थोडे सोने आणि तांबे हाती लागते. उरलेले आम्ल गटारात, धूर घरात, शिसे मुलांच्या रक्तात. नीट पद्धत अशी: बॅटरी आधी वेगळी काढायची, कवच आणि धातू हाताने सुटे करायचे, बोर्डाचा चुरा करून तो बंदिस्त भट्टीत न्यायचा आणि धूर गाळायचा. बेल्जियममध्ये होबोकेनला युमिकोर कंपनीची भट्टी अशा मालातून १७ धातू वेगळे करते. बेंगळुरूजवळ डोब्बसपेट इथे २००५ पासून ई-परिसर ही संस्था काम करते. सरकारी मान्यता असलेली देशातली ती या प्रकारची पहिली संस्था.

अडचण यंत्रांची कमी आणि फोन गोळा होण्याची जास्त आहे. नोकियाने १३ देशांतल्या ६,५०० लोकांना विचारून २००८ मध्ये जे जाहीर केले, त्यात जुना फोन पुनर्वापराला देणारे फक्त ३ टक्के निघाले; ४४ टक्के फोन घरातच पडून होते. मग २००९ च्या सुरुवातीला दिल्ली, गुरगाव, लुधियाना आणि बेंगळुरू या शहरांत कंपनीने दुकानांत पेट्या ठेवल्या, प्रत्येक फोनमागे झाड लावण्याचे वचन दिले, आणि काही आठवड्यांत सुमारे ३ टन माल जमला. हे उदाहरण महत्त्वाचे आहे. जुना स्मार्टफोन नव्याच्या किमतीत वळता होतो, म्हणून तो परत येतो. साध्या फोनला एक्स्चेंजमध्ये कोणी विचारत नाही आणि भंगारवाला त्याचे दहा-वीस रुपये देतो, म्हणून तो खणात राहतो. सर्वांत स्वस्त फोनला परत येण्याचे सर्वांत कमी कारण असते. ते कारण कोणीतरी मुद्दाम निर्माण करावे लागते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले ई-कचरा नियम हे ओझे कंपन्यांवर टाकतात. विकलेल्या मालाच्या ठरावीक वाट्याइतका पुनर्वापर झाल्याची प्रमाणपत्रे कंपनीने नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडून घ्यायची. हा वाटा सुरुवातीला ६० टक्के, मग ७०, आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि अॅल्युमिनियम यांच्या वजनावर मोजतात. तेव्हा टनभर फ्रिज-धुलाईयंत्रांतले लोखंड सहज हाती लागत असताना शंभर ग्रॅमचा डबा फोन शोधायला कोण जाणार, ही शंका रास्त आहे. फोनसाठी पेट्या किराणा दुकानात, रेशन दुकानात, रिचार्जच्या टपरीवर हव्यात. हा फोन वापरणारा माणूस मॉलमधल्या सेवा केंद्रात जात नाही.

दुरुस्तीच्या बाजूने मात्र हालचाल सुरू झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. फोन किती सहज उघडतो, सुटे भाग किती लवकर मिळतात, दुरुस्तीची माहिती खुली आहे का, सॉफ्टवेअर किती वर्षे मिळेल, यांवर पाचपैकी गुण द्यायचे आणि ते खोक्यावर छापायचे, अशी ही सूचना आहे. फ्रिजवरचे वीजबचतीचे तारे पाहून निवड करायला ग्राहक शिकला, तसाच तो हे गुणही वाचील. नखाने उघडणाऱ्या हजार-बाराशेच्या फोनलाही त्या खोक्यावर आपला आकडा मिळाला पाहिजे.